टाऊन हॉल म्युझियम गावातच राहू दे, पण जपून राहू दे!

सीपीआरची पायरी कधी चढला नाही असा कोल्हापूरकर शोधून सापडायचा नाही. कुणी पेशंट बघायला गेलेलं असतं, कुणी डबा द्यायला, कुणी सर्टिफिकेट काढायला. त्याच सीपीआरच्या समोर, भाऊसिंगजी रोडला, टोकदार कमानींची दगडी इमारत आहे. टाऊन हॉल. बागेत आपण सगळे बसलोय. झाडाखाली भडंग खाल्लंय, गाडी कुठं लावायची म्हणून चकरा मारल्यात. पण त्या इमारतीच्या आत किती जण गेलेत? शाळेची सहल सोडून, मोठेपणी, स्वतःहून?

उत्तर कमेंटमध्ये प्रामाणिकपणे द्या. कुणी हसणार नाही.

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय असा आहे की दोन ओळींत मांडला तर नुसती घोषणा होईल, आणि घोषणांची आपल्याकडे कमी नाही.

आत्ताच का लिहितोय, ते आधी सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या लढ्याचं ते यश आहे, अभिमानच आहे. पण त्यामुळं त्या परिसरातली वर्दळ वाढली, गाड्या वाढल्या, जागेची ओढाताण वाढली. असं झालं की गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ते म्युझियम तिथं कशाला पायजे? कोण बघतंय? न्या की गावाबाहेर, मोठ्या जागेत." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला पार्किंग पाहिजे असतं, एवढंच. पण ते म्युझियम तिथं कसं आलं आणि त्यात काय आहे हे माहीत नसलं, की हे वाक्य पटतंसुद्धा. म्हणून आधी इतिहास सांगतो, मग माझं मत.

आधी इमारत.

१८७० साली छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) युरोपच्या दौऱ्यावरून परत येताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघं वीस वर्षांचं. मागं दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज लहान होते आणि संस्थानाचा कारभार इंग्रज पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली चालला होता. त्या काळात, १८७२ ते १८७६ मध्ये, टाऊन हॉल बांधला गेला. आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा. आता गंमत बघा. फ्लॉरेन्सला राजाराम महाराजांचं जे स्मारक आहे, छत्रीखाली अर्धपुतळा असलेलं, त्या छत्रीचा आराखडाही याच मँटचा. म्हणजे इटलीतली ती छत्री आणि भाऊसिंगजी रोडवरचा आपला टाऊन हॉल एकाच माणसाच्या कागदावरून उतरलेत.

मँटचं काम बघायला लांब जायला नको. टाऊन हॉल गॉथिक पद्धतीचा, सरळसरळ विलायती चर्च-कॉलेजांच्या वळणाचा. रस्ता ओलांडला की सीपीआर, तेही त्याचंच. तिथून नव्या राजवाड्याकडं गेलात तर तोच मँट, पण आता घुमट, छत्र्या, जाळ्या, महिरपी आल्यात. दहा-बारा वर्षांत एक विलायती इंजिनिअर इथल्या कारागिरांकडून आणि इथल्या इमारतींकडून काय काय शिकला, हे बघायचं असेल तर कोल्हापुरात रिक्षानं अर्ध्या तासात बघता येतं. बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचा मूळ आराखडाही त्याचाच. १८८१ मध्ये तो गेला, काम दुसऱ्यांनी पुरं केलं.

पण लक्षात घ्या, टाऊन हॉल बांधला तो सभा-समारंभांसाठी. तिथं म्युझियम करायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. हा मुद्दा पुढं लागणार आहे.

आता म्युझियम.

याची सुरुवात टाऊन हॉलमध्ये नाही, पंचगंगेच्या काठावर आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर. आज तिथं वस्ती आहे आणि रोज त्या रस्त्यानं घाटावर जाणाऱ्या कित्येकांना पायाखाली काय आहे याची कल्पना नसते. आपलं सगळ्यात जुनं गाव तिथं होतं. अंबाबाईचं देऊळ बांधलं जाण्याच्या कित्येक शतकं आधी, सातवाहनांच्या काळात, तिथं विटांची घरं होती, बाजार होता, नाणी चालत होती.

१८७७ च्या सुमारास तिथं जुन्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. शिशाची नाणी, त्यांवर धनुष्यबाण आणि चैत्याची खूण, कडेनं ब्राह्मी अक्षरं. 'कुर' नावाच्या स्थानिक राजांची म्हणून अभ्यासक ती ओळखतात. हे राजे दुसरीकडं फारसे कुणाला माहीतच नाहीत, ते आपल्या कोल्हापूरचेच. भगवानलाल इंद्रजींसारख्या मोठ्या पंडितानं त्या नाण्यांवर लिहिलं. पण नाणी? नाणी पांगली. त्यातली काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कारण साधं आहे. तेव्हा कोल्हापुरात वस्तू ठेवायला, सांभाळायला, नोंदवायला म्युझियमच नव्हतं. टाऊन हॉल नुकता बांधून झाला होता, पण तो सभांसाठी होता.

मग मधे सत्तर वर्षं गेली.

१९४४-४५ च्या दरम्यान त्याच ब्रह्मपुरीवर पुन्हा घबाड सापडलं. राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदणगार हे कन्नडचे गाढे पंडित. या परिसरातले शिलालेख वाचून छापणारा माणूस. त्यांच्या कामात ब्राँझच्या वस्तूंचा साठा हाती आला, शंभराच्या आसपास वस्तू. त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९५२ साली छापून आला. महाराष्ट्रात पुरातत्त्वाचं काम कसं करावं याचा धडा घालून देणाऱ्या सुरुवातीच्या उत्खननांपैकी हे एक.

त्या ब्राँझच्या साठ्यात एक मूर्ती निघाली. वीतभरसुद्धा नाही. उघडा, दाढीवाला, पिळदार अंगाचा पुरुष. तो पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून घाटावर, सह्याद्रीच्या अलीकडं, पंचगंगेच्या काठी ग्रीकांचा समुद्रदेव! त्याच्याबरोबर रोमन बनावटीच्या भांड्यांचे भाग, आरसा अशाही परदेशी चिजा होत्या. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडचा माल जहाजानं कोकणच्या बंदरांवर उतरत होता, घाट चढून कोल्हापुरात येत होता आणि इथं तो विकत घेणारे लोक होते. कार्ल खंडालावालांपासून परदेशी अभ्यासकांपर्यंत अनेकांनी या साठ्यावर लिहिलंय. 'रोम आणि भारत' या विषयावरचं कुठलंही चांगलं पुस्तक उघडा, त्यात कोल्हापूर आहे.

त्याच साठ्यात स्वार बसलेला ब्राँझचा हत्ती आहे. हा परदेशी नाही, आपल्याकडचा. जुन्या भारतीय धातुकामाचा उत्तम नमुना म्हणून कलेच्या इतिहासात त्याचं नाव घेतात. नांदणीच्या माधुरी हत्तिणीसाठी २०२५ मध्ये अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला होता, आठवतंय ना? आपल्या मातीतला एक हत्ती भाऊसिंगजी रोडला काचेआड उभा आहे. त्याच्यासाठी मोर्चा नको, नुसतं बघायला गेलं तरी पुरे.

तर ह्या वस्तू ठेवायच्या कुठं, या प्रश्नातून १९४६ मध्ये कोल्हापूरचं म्युझियम सुरू झालं. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच साली म्युझियम टाऊन हॉलमध्ये आलं. तेव्हापासून ते तिथं आहे. आज राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडं त्याचा कारभार आहे.

१८७७ आणि १९४५ या दोन सालांमधला फरक नीट लक्षात घ्या. जागा तीच, ब्रह्मपुरी. पहिल्या वेळी म्युझियम नव्हतं, वस्तू गावाबाहेर गेल्या. दुसऱ्या वेळी म्युझियम उभं राहिलं, वस्तू गावात राहिल्या. "म्युझियमचा काय उपयोग?" असं कुणी विचारलं तर माझ्याकडं याच्यापेक्षा सरळ उत्तर नाही.

तेरचंही असंच. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे सातवाहन काळातलं मोठं व्यापारी गाव. तिथं रामलिंगप्पा लामतुरे या माणसानं गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, म्हणून आज तेरच्या वस्तू तेरमध्ये बघायला मिळतात. कुणीतरी धरून ठेवल्या म्हणून राहिल्या. आपोआप काहीच राहत नाही.

आता चित्रांकडं येतो, कारण माझा खरा जीव तिथं अडकलाय.

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणायची आपल्याला सवय आहे. कमानींवर लिहितो, भाषणात म्हणतो, रील्समध्ये टाकतो. पण बाहेरगावचा पाहुणा आला आणि म्हणाला, "दाखवा की तुमचं कलापूर", तर त्याला नेणार कुठं? रंकाळ्यावर? मिसळ खायला? ते न्याच. पण चित्रं कुठं आहेत? तर टाऊन हॉलमध्ये आहेत. आणि राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांच्या 'निसर्ग' बंगल्यात आहेत. 'युगे युगे मी वाट पाहिली'मधले नट म्हणून, छत्रपतींच्या भूमिकांसाठी ज्यांना आपल्या आज्या-आजोबांनी डोक्यावर घेतलं, ते चंद्रकांत बाबूराव पेंटरांच्या तालमीतले चित्रकार होते. त्यांनी राहतं घर आणि आपली चित्रं सरकारला देऊन टाकली. आजच्या काळात राजारामपुरीतली जागा कोण देतंय, सांगा मला!

आणि या सगळ्याच्या मुळाशी आबालाल रहिमान. गरीब घरातला मुलगा, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, १८८८ साली व्हाइसरॉयचं पदक मिळवलं. त्या काळात ते पदक म्हणजे मुंबईत नाव, कामं, पैसा सगळ्याची दारं उघडणं. हा माणूस कोल्हापुरात परत आला. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. पण त्यांचा जीव रमला तो गावाभोवतीच्या तळ्यांत, पाणवठ्यांत, झाडांत. कोटितीर्थाच्या काठावर बसून पाण्यावरचा उजेड रंगवणारा हा माणूस १९३१ मध्ये गेला. आज कोटितीर्थाकडं बघून कुणाला वाटेल का, की इथं बसून कुणी आयुष्य काढलं? त्या काळचं कोटितीर्थ बघायचं असेल तर आबालालांच्या चित्रात बघावं लागतं. फोटो नाहीत, व्हिडिओ नाहीत. चित्रं आहेत.

आबालालांच्या पाठोपाठ रांगच लागली. दत्तोबा दळवी. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले भाऊ, जे नाटकांचे पडदे रंगवत होते आणि मग स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमा काढायच्या मागं लागले. बाबा गजबर, गणपतराव वडणगेकर, रवींद्र मेस्त्री. मुंबईत नाव काढलेले एम. व्ही. धुरंधर जन्मानं कोल्हापूरचे. ज्यांनी काढलेलं शिवछत्रपतींचं चित्र महाराष्ट्र शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं आणि आज सरकारी कचेऱ्यांत लागलेलं आपण बघतो, ते जी. कांबळे इथलेच, एके काळी सिनेमाची मोठमोठी पोस्टर्स रंगवणारे.

बाबूराव पेंटरांचं उदाहरण मुद्दाम घेतो. १९२० चा 'सैरंध्री', १९२५ चा 'सावकारी पाश'. भारतीय सिनेमाचा इतिहास लिहिणारा कुणीही या नावांशिवाय पुढं जात नाही. व्ही. शांताराम त्यांच्याच कंपनीत घडले. पण 'सैरंध्री' आज बघायचा म्हटलं तर? नाही मिळणार. त्यांचे बहुतेक मूकपट काळानं खाल्ले. तेव्हा कुणाला वाटलं नाही की हे जपायचं असतं. बाबूराव पेंटर आज आपल्याला डोळ्यांनी बघायचे असतील तर उरलीत त्यांची चित्रं आणि शिल्पं. ती तरी जपणार की नाही?

आता मुद्द्यावर येतो.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कुणी विसरलेलं नाही. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेजवळ उभी राहिलेली मोठी मोठी माणसं लहान मुलांसारखी रडली. थिएटर पुन्हा बांधता येतं. दगड, लाकूड, खुर्च्या, पडदा नव्यानं आणता येतो. आबालालांचं चित्र पुन्हा काढता येत नाही. पोसायडन पुन्हा सापडत नाही. दिल्लीत २०१६ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय आगीत गेलं, ते परत आलं का?

मी इथं कुणा अधिकाऱ्यावर, कर्मचाऱ्यावर आरोप करत नाहीये. म्युझियममध्ये काम करणारे लोक थोडे असतात, पगार बेताचे असतात, आणि आपण तिकडं फिरकतही नाही. माझा प्रश्न साधा आहे. दीडशे वर्षांच्या, सभांसाठी बांधलेल्या इमारतीत दोन हजार वर्षांच्या वस्तू आणि शंभर वर्षांची चित्रं ठेवलीत, तर तिथली वायरिंग, आग विझवायची सोय, ओल, उजेड हे सगळं शेवटचं कधी तपासलं आणि त्या तपासणीत काय निघालं, हे गावाला कळायला नको का?

उजेडाचं थोडं समजावून सांगतो, कारण याकडं कुणाचं लक्ष जात नाही. जलरंगातलं चित्र फार नाजूक. जगभरची म्युझियमं जलरंगांच्या चित्रांवर साधारण ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. तैलचित्राला १५०-२०० पर्यंत चालतं. आपल्या ऑफिसच्या टेबलावर पडणारा उजेड ३०० च्या वर असतो, यावरून अंदाज करा. शिवाय जलरंगाचं चित्र बारा महिने भिंतीवर ठेवत नाहीत. काही महिने लावतात, मग अंधारात विश्रांती देतात आणि त्या जागी दुसरं लावतात. कारण उडालेला रंग परत आणायची युक्ती जगात कुणाकडं नाही. आणि कोल्हापूर स्कूलची खरी ताकद कशात आहे? जलरंगात! त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते हे कोल्हापुरात कुणी सांगायला नको. कागदाला काय होत असेल?

औंधला बघा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये औंधच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय बांधलं. एवढंसं संस्थान, पण राजा स्वतः चित्रकार. इमारत चित्रांसाठी म्हणूनच बांधली, उजेड वरून आणि बेतानं येईल अशी. म्हणून तिथं राजा रविवर्मापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत सगळं आजही बघायला मिळतं. कोल्हापूर औंधपेक्षा कितीतरी मोठं संस्थान, चित्रकारांची खाण. पण चित्रांसाठी म्हणून बांधलेली एक मोठी सार्वजनिक इमारत आपल्याकडं आजतागायत झालेली नाही. ही गोष्ट टोचायला पाहिजे.

म्हणून माझं मत, अगदी स्पष्ट :

एक. म्युझियम गावाबाहेर हलवायचं नाही. ब्रह्मपुरीच्या वस्तू ब्रह्मपुरीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत, हे त्या म्युझियमचं मोठं बळ आहे. खेड्यातून एसटीनं सीपीआरला आलेला माणूस दोन तास मोकळा असला तर आत जाऊ शकतो. शाळेची पोरं रांगेनं चालत येऊ शकतात. बायपासला नेलं तर गाडीवाले पाहुणे जातील, वर्षातून एकदा. गावाचं म्युझियम गावाच्या पायवाटेवरच पाहिजे.

दोन. टाऊन हॉल ब्रह्मपुरी, शिल्पं, शस्त्रं, नाणी यांच्यासाठी ठेवावा आणि चित्रांसाठी स्वतंत्र कलादालन करावं, तेही शहरातच. शाहू मिलची जागा आहे. १९०६ साली शाहू महाराजांनी पाया घातलेली गिरणी, २००३ पासून बंद. तिथं महाराजांच्या स्मारकाची चर्चा किती वर्षं चाललीय, तुम्हीच मोजा. ज्या राजानं आबालालांना आसरा दिला, त्याच्या स्मारकात आबालालांच्या चित्रांसाठी नीट हवा-उजेड असलेलं दालन नसेल तर दुसरं काय असायला हवं? नुसता पुतळा आणि लेझर शो?

तीन. टाऊन हॉलचं आणि मांडरे संग्रहालयाचं फायर ऑडिट, इलेक्ट्रिकल ऑडिट दरवर्षी व्हावं आणि त्याचा अहवाल दारावर लावावा. हॉटेलवाल्याला लायसन दर्शनी भागात लावायला लावता ना? मग इथंही लावा.

चार. प्रत्येक चित्राचा चांगला फोटो, मराठीत नोंद, माप, माध्यम, चित्रकाराची दोन ओळी माहिती, अशी पूर्ण यादी सर्वांना बघता येईल अशी करा. यादी जाहीर असली की काय आहे, काय दुरुस्तीला गेलंय, काय कुठं पाठवलंय हे सगळ्यांना कळतं. हिशेब उघडा असला की संशयाला जागा राहत नाही.

पाच. ब्रह्मपुरीवर एक धड फलक तरी लावा. इथं काय सापडलं, कधी, कुणी शोधलं, आणि ते कुठं बघायला मिळेल. फलकाला किती खर्च येतो? एका डिजिटल बॅनरपेक्षा थोडा जास्त. आणि वाढदिवसाच्या बॅनरांना आपल्याकडं पैसा कधीच कमी पडलेला नाही.

आता दोन आक्षेप, जे कमेंटमध्ये येणारच.

"आधी रस्त्यातले खड्डे भरा, मग चित्रं बघू." मित्रा, खड्डे भरायलाच पाहिजेत, त्यासाठीही बोंबललं पाहिजे. पण खड्ड्याचा पैसा महापालिकेचा आणि म्युझियमचा राज्य शासनाच्या वेगळ्या खात्याचा. म्युझियमला निधी मिळाला नाही म्हणून तुमच्या गल्लीतला खड्डा बुजत नाही. तो पैसा दुसऱ्या जिल्ह्यात जातो. खड्डा पुढच्या वर्षीही भरता येतो, उडालेला रंग नाही.

"लोक जातच नाहीत तर कशाला?" हे खरं आहे, आणि इथं दोष आपलाही आहे. पण लोक जात नाहीत म्हणून सांभाळायचं नाही, आणि सांभाळलेलं दिसत नाही म्हणून लोक जात नाहीत, हे चक्र कुठंतरी तोडायला लागेल. ते आपल्याकडूनच तोडू. अंबाबाईला वर्षात लाखो भाविक येतात. त्यातले शंभरात दोन जण जरी टाऊन हॉलकडं वळले तरी चित्र पालटेल. रिक्षावाल्या मामांनी, यात्री निवासवाल्यांनी, हॉटेलवाल्यांनी नुसतं "तेवढं टाऊन हॉल बघून जावा की, पाहुणं" म्हटलं तरी पुष्कळ आहे.

तालमींना एक विनंती. गणपतीत आणि शिवजयंतीला तुम्ही जे देखावे करता त्याला तोड नाही. एखाद्या वर्षी आबालाल करा, ब्रह्मपुरी करा, बाबूराव पेंटरांचा कॅमेरा करा. शाळेतल्या दहा धड्यांनी होणार नाही ते तुमच्या एका देखाव्यानं होईल. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या खोलीत जुन्या कोल्हापुरी चित्रकारांची चित्रं आहेत त्यांनी ती रद्दीत किंवा येईल त्या दलालाला देऊ नका. आधी जाणकाराला दाखवा. कोल्हापुरात अजून असे कलाशिक्षक आहेत जे एका नजरेत हात ओळखतात.

आपण टोल घालवला. बेंच आणलं. जयप्रभा स्टुडिओसाठी रस्त्यावर बसलो. माधुरीसाठी मैलोन् मैल चाललो. या गावाला एखादी गोष्ट आपली वाटली की ते ती सोडत नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. टाऊन हॉलमधल्या वस्तू आपल्या आहेत हे अजून आपल्याला पुरतं वाटलेलं नाही, एवढीच खरी अडचण आहे.

म्हणून मोर्चाच्या आधी एक सोपं काम. येत्या रविवारी पोराबाळांना घेऊन टाऊन हॉलला जा. आधी पोसायडन शोधा, मग हत्ती शोधा, मग चित्रांपुढं दहा मिनिटं उभे राहा. बाहेर पडताना शेरेवही मागा आणि त्यात तुम्हाला काय आवडलं आणि काय व्हायला पाहिजे ते नाव-गावासकट लिहा. असे हजार शेरे झाले की ते कुठल्याही निवेदनापेक्षा जड होतात. आमदार-खासदारांपुढं ती वही ठेवता येते.

जाऊन आलात की इथं कमेंटमध्ये लिहा, कुठलं चित्र आवडलं. आणि पोस्ट पटली तर पुढं पाठवा, विशेषतः तुमच्या शाळेच्या आणि पेठेच्या ग्रुपवर. माझं नाव काढून टाकलं तरी चालेल, विषय पोचला पाहिजे.